आण्णांना आणि लेकीला एकाच संगीत नाटकाला न्यायचंय. कोणतं दाखवू?

मंजिरी_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. घरातला वाद मिटवायला मदत हवी आहे.

माझे सासरे, आण्णा, वय ७९. तरुणपणी पॅलेस थिएटरला आलेलं संगीत नाटक त्यांनी सोडलेलं नाही. (केशवराव भोसले नाट्यगृह म्हटलं तर अजूनही "म्हणजे पॅलेसच की" म्हणतात.) लेक सोळा वर्षांची, अकरावीला. 'हॅमिल्टन' हे अमेरिकन म्युझिकल तिनं लॅपटॉपवर इतक्यांदा बघितलंय की भांडी घासतानाही तोंडात तेच. तिच्या मते मराठी नाटक म्हणजे एक सोफा, दोन दारं आणि मालिकेतला हिरो आला की टाळ्या. आण्णांच्या मते संगीत नाटक संपलं, आता जे चालतं ते ऑर्केस्ट्रा. जेवताना रोज हेच. मधे मी आमटी वाढते.

दोघांना एकाच नाटकाला न्यायचं ठरवलंय. आण्णांचे गुडघे दुखतात, त्यामुळे लांबचा प्रवास करून रात्रीत परत येणं नको. आपलं नाट्यगृह आगीपासून बंद, म्हणून सांगली, मिरज, इचलकरंजी इथपर्यंत तयारी आहे. चांगलं असेल तर एखादा मुक्कामही करू.

शिवाय एक शंका. जाहिरातीत नावाआधी 'संगीत' लिहिलेलं असतं, ते खरंच संगीत नाटक असतं का? मागे एकदा फसलोय. दीड तासात चार गाणी, तीही स्पीकरमधून.

खासबाग_भेळ

ताई, लई लांब जाऊ नका. 'संगीत मानापमान'चा सिनेमा आलाय की २०२५ मध्ये, घरात लावा. आण्णा बोलतील थोडं, पण गुडघे शाबूत राहतील.

तिसरी_घंटा

भेळवाल्या, सिनेमा बघून आण्णा जे बोलतील ते ताईंनाच ऐकावं लागेल, तुला नाही.

ताई, आधी तुमची शंका घेतो, कारण नाटक कोणतं हे त्यावरच ठरणार आहे. माझं शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. पण हौशी संस्थांच्या नाटकांना तबल्यावर मी बरीच वर्षं बसलोय, म्हणून हे खालून, रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यातून बघितलेलं सांगतो. जाहिरातीत काय लिहिलंय ते बघू नका. थिएटरात शिरलात की रंगमंचाच्या पुढ्यात बघा. ऑर्गन आणि तबला मांडलेला आहे का? असेल तर बसा. नसेल तर नाटक चांगलं असूही शकतं, पण आण्णा मध्यंतरात चहा पितानाच "चला घरी" म्हणणार.

हा नुसता जुन्याचा हट्ट नाही. पद, म्हणजे नाटकातलं गाणं, यायच्या आधी, नटाचं शेवटचं वाक्य चालू असतानाच ऑर्गनवाला हळूच सूर सोडतो. प्रेक्षकाला कळतही नाही. नट बोलता बोलता त्या सुरावर येतो आणि पद सुरू होतं. आवाज बसला असेल तर ऑर्गनवाला आयत्या वेळी अर्धा सूर उतरून घेतो. नटाला एखादी तान जास्त सुचली तर तबलजी समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला, थांबून असतो. वन्समोअर आला तर पुन्हा मुखडा. ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीतावर, यातलं काहीच होत नाही. ट्रॅक नटासाठी थांबत नाही, नटच त्याच्या मागनं धावतो. मी तर एका प्रयोगात बघितलंय, लोक वन्समोअर म्हणत राहिले आणि पुढच्या प्रवेशाचं संगीत सुरूसुद्धा झालं. गाणाऱ्या पोरीचं तोंड बघवत नव्हतं.

निर्मात्याला मी शिव्या देत नाही. दोन वादक म्हणजे दोन नाइटी (प्रयोगाचं मानधन), बसमध्ये दोन जागा, वर ऑर्गन उचलायला माणसं. आणि ऑर्गनचा भाता फाटला तर दुरुस्त करणारा शोधताना जीव जातो. दौरा मुंबईहून निघून कोल्हापूरपर्यंत येईस्तोवर हिशोबच बसत नाही. पेनड्राइव्हला जेवण लागत नाही.

आता दुसरं दुखणं. जुनी नाटकं जी हल्ली लागतात ती कापून लागतात. कापायलाच हवीत. किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ चं, त्यात पदं शंभराच्या वर, आणि प्रयोग रात्रभर चालायचा. आज तीन तासांत बसवायचं तर कात्री आलीच. पण कात्री कुठं लावतात ते बघा. लोकांना माहीत असलेली, रागदारीची, टाळ्यांची पदं सगळी ठेवतात आणि मधलं गद्य व बारकी पदं काढून टाकतात. मग उरते ती पैठणी नेसलेली मैफल. 'मानापमान'च घ्या. नायिका भामिनी मधोमध येऊन उभी राहते, नायक धैर्यधराकडे पाठ, तोंड बाल्कनीकडे, आणि सुरू. अहो, तिनं त्याचा अपमान केलाय, आता वनमाला होऊन वेष पालटून त्याला पारखायला आलीय, ती गाते आहे ती त्याच्यासाठी. हे धागे काढले तर 'मानापमान'मध्ये उरतं काय? संगीतकार टेंब्यांच्या चाली उरतात, त्या मी देवल क्लबात गाण्याच्या मैफलीला सतरंजीवर बसून ऐकीन. तिकडं नेपथ्य बघायला लागत नाही.

म्हणून तुमच्या घरासाठी माझं मत: 'शारदा'. आजची नटमंडळी कोणीही असोत, वाद्यं समोर असोत, पण नाटक देवलांचं 'शारदा'.

कारण सांगतो. हे १८९९ चं नाटक. पैशासाठी बाप आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालाय. सोळा वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगायला लागत नाही, ती पहिल्या अंकातच संतापून बसते. चाली सोप्या, शब्द घरातले. गाणं कळायला राग ओळखावा लागत नाही. आणि आण्णांसाठी तर हे नाटक कोल्हापूरचंच. केशवराव भोसले लहान असताना स्वदेशहितचिंतक मंडळीत शारदेचं काम करायचे आणि त्यांच्या आवाजासाठी लोक गर्दी करायचे. पुढं १९०८ साली हुबळीला त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची नाटक कंपनी काढली. तेव्हा वय अठरासुद्धा पुरं नव्हतं. तुमच्या लेकीला हे सांगा, अकरावीच्या पोरांना असलं आवडतं.

नवं काही हवं असेल तर 'संगीत देवबाभळी'. प्राजक्त देशमुखांनी लिहिलेलं, भद्रकाली या नाट्यसंस्थेचं. तुकोबांची आवली आणि रखुमाई, दोनच बायका, अख्खं नाटक. डोंगरावर नवऱ्याला भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा मोडतो, विठ्ठल तो काढतो, आणि मग गरोदर आवलीच्या सेवेला रखुमाई 'लखुबाई' होऊन येते. एकीचा नवरा विठ्ठलापायी घराबाहेर, दुसरीचा नवरा खुद्द विठ्ठल. दोघी गातात ते भांडण म्हणून गातात, तक्रार म्हणून गातात. मला त्यात 'आता गाणं आलं' असं एकदाही वाटलं नाही. २०२३ मध्ये निरोपाचा प्रयोग झाला होता. पुन्हा कुठंही जाहिरात दिसली तर आण्णांचे गुडघे विचारू नका, घेऊन जा.

टेम्सकाठी_पंचगंगा

काका, तुमचं सगळं पटलं असं नाही.

मी मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या लंडनला नोकरी. इथं वेस्ट एंडला खड्ड्यात वादक असतात, कंडक्टर असतो, आणि नटांना तो दिसावा म्हणून बाल्कनीच्या कठड्याला टीव्ही लावलेले असतात. पण तुम्ही म्हणता तसं नटासाठी कुणी थांबत नाही. रोज तेच, तेवढ्याच सेकंदात. वन्समोअर मागितला तर शेजारचा तुमच्याकडे वळून बघेल. 'हॅमिल्टन'चे वादक फक्त दहा, आणि त्यात संगणकातून सोडलेले आवाजही मिसळलेले. तरी मंजिरीताईंची लेक लॅपटॉपसमोरून हलत नाही. म्हणजे जिवंत वाद्यं हीच कसोटी कशी?

आणि हिशोबाची रड इथंही आहे. 'फँटम ऑफ द ऑपेरा' इथं १९८६ पासून चालू. २०२१ मध्ये करोनानंतर पुन्हा उघडलं तेव्हा वादक २७ वरून १४ केले. वर्तमानपत्रांत बोंबाबोंब झाली. प्रयोग मात्र भरून चाललेत. मी गेलो होतो. झुंबर खाली येताना शेजारची आजी किंचाळली. वादक किती हे कुणी मोजत नव्हतं.

लेकीला 'हॅमिल्टन' का आवडतं माहितीय? जवळपास अख्खं नाटक गाण्यात आहे. गोष्ट गाण्यातच पुढे जाते. मंत्रिमंडळातली भांडणंसुद्धा रॅपमध्ये. आपल्याकडे गोष्ट थांबते आणि मग गाणं येतं. आण्णांना जे हवंय ते तिला कंटाळवाणं वाटणारच.

तिसरी_घंटा

पंचगंगेच्या पोरा, लंडनला राहून नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवलंस, पण औषध चुकीचं सांगतोयस.

"आपल्याकडे गोष्ट थांबते आणि गाणं येतं." आजच्या प्रयोगात होतं तसं, कबूल. पण मुळात तसं नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' लिहिलं त्यात साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असले छंद ठासून भरलेत. तीनचार ओळींचं पद, झपझप म्हणायचं, बातमी सांगायची, टोमणा मारायचा, उत्तर द्यायचं, पुढं सरकायचं. नारद येतो, दोन दिंड्यांत आग लावतो आणि जातो. ना तान, ना वन्समोअर. निम्मं बोलणं, निम्मं गाणं. तुझ्या रॅपच्या भांडणाला मराठीत सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हेच.

पुढं खाडिलकरांची नाटकं आली. १९११ ला 'मानापमान', १९१६ ला 'स्वयंवर'. चाली गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखल्यांच्या. ख्याल, ठुमरी, टप्पा नाटकात शिरला. ते सोनंच होतं, त्याबद्दल कोण बोलणार. पण तेव्हापासून पद म्हणजे थांबून ऐकायची चीज झाली. आणि आज आपण जुनं नाटक कापायला बसलो की पहिली उडवतो ती साकी आणि दिंडी, कारण "ती कुणाला माहीत नाहीत". म्हणजे गोष्ट ओढणारी पदं बाहेर आणि गोष्ट थांबवणारी पदं आत. मग सोळा वर्षांची पोरगी जांभई देते आणि आपण म्हणतो, नव्या पिढीला संगीत नाटक कळत नाही!

मला कुणी विचारलं तर 'सौभद्र'ची अशी संहिता करा म्हणीन, ज्यात रागदारीची निवडक पाचसहा पदं ठेवा आणि साकी-दिंड्या जमतील तेवढ्या आत घ्या. भरभर म्हणा. दोन तासांत संपेल. पण मला कोण विचारतंय. दुकानात खिळे विकले मी आयुष्यभर.

वादकांचं म्हणशील तर २७ आणि १४ या भांडणाशी माझं काही नाही. मला दोनच हवेत. फक्त ते माणूस हवेत. तुमचा कंडक्टर शिस्तीचा, बरोबर आहे, तिकडचं गाणं लिहिलेलं असतं, रोज तेच वाजायला हवं. आपलं पद लिहिलेलं नसतं, नुसतं बांधलेलं असतं. राग, ताल, मुखडा ठरलेला, बाकी त्या रात्रीचं. म्हणून तिथं टेप चालून जाते आणि इथं जात नाही.

विंगेतली

मी हौशी रंगभूमीवर काम करते, त्यामुळे जरा वास्तवातलं बोलते.

काका, 'शारदा' वाचायला मलाही आवडतं. पण हौशी संस्थेत गाणारी मुलगी मिळाली की ती पस्तिशीची असते, मग शारदा पस्तिशीची. अभिनय येणारी पंधरा वर्षांची मिळाली तर तिला गाता येत नाही. मी स्वतः शारदा केलीय आणि तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. ताईंची लेक पहिल्या अंकात संतापणार नाही, हसेल.

त्यापेक्षा 'संशयकल्लोळ'. तेही देवलांचंच, १९१६ मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हा देवल जाऊन काही महिनेच झाले होते. मूळ धागा मोलिएरचा, इंग्रजीतून फिरून आलेला, पण त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव इतका मराठी आहे की शेजारी राहतो असं वाटतं. एका तसबिरीवरून संशय सुरू होतो आणि सगळं घर उलटंपालटं. सोळा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये कुणाचा फोटो आहे यावरून होणारी भांडणं रोज दिसतात. तिला वेगळं काय सांगायचं? नायिका रेवती तिशीची असली तरी चालते, फाल्गुनरावाची बायको कृत्तिका चाळिशीची तर उत्तमच. आणि फाल्गुनरावाला गाता आलं नाही तरी नाटक पडत नाही, ही आमच्यासाठी मोठीच सोय.

कुठे बघायचं: व्यावसायिक प्रयोगाची वाट बघत बसू नका. सरकारची राज्य नाट्य स्पर्धा असते त्यात संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा होते. तिथे ऑर्गन-तबला असतोच, संस्था पदरमोड करून आणतात. तिकीट अगदी किरकोळ. रत्नागिरीची खल्वायनसारखी मंडळी तर वर्षानुवर्षं हेच करत आलीत, आणि गोव्याच्या संस्था आल्या तर सोडू नका, त्यांच्याकडे गळे आहेत. केंद्र कोणतं आणि तारखा काय हे दर वर्षी बघून घ्यावं लागतं. रत्नागिरी असेल तर आंबा घाटातून दिवसा जा आणि मुक्काम करा.

एक इशाराही देते. स्पर्धेत प्रकाशयोजना गंडते, पडदा अडकतो, कुणीतरी विंगेतून दिसतं. लेकीला आधी सांगून ठेवा.

खासबाग_भेळ

विंगेतून दिसणारं ते कुणीतरी म्हणजे बहुतेक मीच. दोनदा पडदा ओढलाय, दोन्हीदा अडकला.

पण सिनेमावरून काकांनी मला झोडलं म्हणून एक विचारतो. गद्य नाटकं काय वाईट आहेत? 'चारचौघी' पुन्हा आलं तेव्हा मी बघितलं. मुक्ता बर्वेचा तो फोनवरचा प्रवेश! एकटी बाई, हातात फोन, समोर कुणी नाही, आणि थिएटर गप्प. ना ऑर्गन ना तबला. लेकीला ते दाखवा, सोफ्याबद्दलचं मत बदलेल.

तिसरी_घंटा

'चारचौघी'ला माझा हात वर. प्रशांत दळवींचं नाटक १९९१ चं, चंद्रकांत कुलकर्णींनी तीस वर्षांनी पुन्हा उभं केलं आणि कुठं वास आला नाही. त्या फोनच्या प्रवेशात लय आहे, ती गाणाऱ्यांनी जाऊन शिकावी. श्वास कुठं घ्यायचा, कुठं थांबायचं. पण ताईंना संगीत नाटक हवंय, तुला काय हवंय ते कुणी विचारलेलं नाही.

विंगेतली ताई, 'संशयकल्लोळ'ला माझा विरोध नाही. पण मी 'शारदा'वरच. पस्तिशीची शारदा असली तरी आवाज खरा असेल तर पाच मिनिटांत वय विसरायला होतं. बालगंधर्व भामिनी करायचे तेव्हा प्रेक्षकांनी कुठं वय, पुरुष, बाई काढलं? ८ जुलै १९२१ ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोघे तिशीतले बाप्ये प्रेमात पडत होते आणि लोक वेडे झाले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. एकतीस वर्षांचा माणूस.

नाट्यगृहाच्या आगीचा ताईंनी नुसता उल्लेख केला, पुढं कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ ला उघडलेलं थिएटर, आणि खासबागेच्या बाजूनं ज्वाळा. छत, रंगमंच, खुर्च्या गेल्या, दगडी भिंती राहिल्या. लोक पुनर्बांधणीत एसी किती, पार्किंग किती हे विचारतात. माझी मागणी एकच. रंगमंचापुढं वादकांना बसायला जागा ठेवा. नवीन थिएटरांत ती नसतेच, वादकांना विंगेत कोंबतात, तिथून नट दिसत नाही, नुसता पाय दिसतो. पायाकडं बघून कुणाला सम मिळालीय? शाहू स्मारकमध्ये आम्ही तसं वाजवलंय, पडद्याच्या फटीतून.

मंजिरी_राजारामपुरी

सगळ्यांचे आभार. संपूर्ण चर्चा मी काल जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली. आण्णांनी 'मानापमान'वर काकांशी सहमत म्हणून दोनदा मान हलवली आणि लंडनच्या दादांवर रागावले. साकी-दिंडीचं वाचलं तेव्हा आण्णांनी 'सौभद्र'मधली एक दिंडी म्हणून दाखवली, बसल्या जागी, घास हातात ठेवून. लेकीनं मोबाइलवर रेकॉर्ड केली. "आजोबा, हे फास्टमध्ये म्हणा," म्हणाली. त्यांनी म्हटलं. दात नसल्यामुळे निम्मे शब्द गेले.

तूर्त ठरलंय ते असं: आधी स्पर्धेत लागेल ते 'संशयकल्लोळ', 'देवबाभळी' कुठेही आलं तर तेही, आणि 'शारदा' विंगेतली ताई पुन्हा करणार असतील तर त्यांचीच.

एक विचारायचं राहिलं. आण्णांना ऐकू जरा कमी येतं. खुर्ची कुठली घेऊ?

विंगेतली

माझा मुलगा आता दहावीला आहे. शारदा नको, इंदिराकाकू देतील ती करीन.

तिसरी_घंटा

पहिली रांग घेऊ नका, मान वर करून मान धरते आणि नटाची नुसती हनुवटी दिसते. तिसरी-चौथी रांग, कडेची खुर्ची, म्हणजे पाय पसरता येतात. ऑर्गन ज्या बाजूला असेल त्याच्या समोरची बाजू घ्या. ऑर्गनच्या जवळ बसलं तर आण्णांना ऑर्गनच ऐकू येईल आणि शब्द जातील. कानाचं यंत्र लावत असतील तर माइकच्या कर्ण्यापासून लांब, नाहीतर आवाज कर्कश होतो आणि शब्द कळत नाहीत. तिकीट काढताना प्लॅन समोर ठेवून विचारा, वादक कुठं बसणार. बुकिंगवाल्याला माहीत नसेल तर संस्थेच्या माणसाला बोलवायला सांगा. तो येतो. संगीत नाटकवाल्यांना असं विचारणारं गिऱ्हाईक भेटलं की ते चहा पाजतात.